लसीबद्दलची अफवा खोडायची कशी: कानोपासून पेठपर्यंत

पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावरच्या सीएचओंचा (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा) प्रश्न आला आहे: "मॅडम, माझ्याकडे एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) दुसऱ्या डोसला अकरा मुलं राहिली आहेत. एका वडिलांनी मोबाईलवर परदेशी डॉक्टरचा व्हिडिओ दाखवला, लसीने मूल मंद होतं म्हणून. मी 'हे साफ खोटं आहे' म्हणालो, तर ते आणखीच अडून बसले. प्रशिक्षणात ऐकलं होतं की अफवा खोडायला गेलं की ती उलट घट्ट होते. खरं आहे का? बाकीच्या देशांनी यावर काय केलं, आणि त्यातलं आपल्याकडे काय चालेल?"

उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा. मी बालरोगतज्ज्ञ आहे. नोकरीची पहिली चार वर्षं सुरगाण्याच्या बाजूला पीएचसीवर गेली, नंतर नाशिकरोडला दवाखाना, आणि अधूनमधून आशाताईंची प्रशिक्षणं. थोडक्यात, तोंडावर दार आपटून घेतलेल्यांपैकीच एक.

'खोडलं की घट्ट होतं' हे आलं कुठून ते आधी सांगते, कारण ते ऐकून कितीतरी चांगल्या सिस्टर गप्प बसायला शिकल्या आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १,७५९ पालकांचे गट पाडून त्यांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीबद्दल वेगवेगळा मजकूर दाखवला. कुणाला 'ऑटिझमशी संबंध नाही' ही माहिती, कुणाला गोवर-गालगुंडाचे धोके, कुणाला आजारी मुलांचे फोटो, तर कुणाला गोवराने मरता मरता वाचलेल्या बाळाची गोष्ट. यातल्या एकाही मजकुराने लस देण्याची तयारी वाढली नाही. माहिती वाचलेल्यांचा ऑटिझमच्या अफवेवरचा विश्वास कमी झाला, हे खरं. पण जे आधीपासूनच लसीवर नाराज होते, त्यांची तयारी उलट आणखी घसरली. आणि आजारी मुलांचे फोटो पाहणाऱ्यांमध्ये ऑटिझमची धास्ती वाढली. आपल्या केंद्रांच्या भिंतींवर अजूनही अंगभर पुरळ उठलेल्या बाळाचं पोस्टर असतं. माझ्या हातात असतं तर मी ते उतरवलं असतं.

एवढ्यावरून 'खोडूच नका' असा निष्कर्ष लोकांनी काढला, आणि तो घाईचा होता. पुढच्या काळात हा उलटा परिणाम पुन्हा शोधायला गेलेल्यांना तो क्वचितच सापडला. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन या चार देशांत एकाच वेळी प्रयोग झाले. अफवा खोडणारा मजकूर वाचल्यावर चारही देशांत चुकीची समजूत कमी झाली, आणि दोन आठवड्यांनंतरही परिणाम दिसत होता. कुठे लागोस, कुठे लंडन. पण माणसाचं डोकं खरी माहिती घेतं, दोन्हीकडे घेतं. दुसऱ्या बाजूला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडात कोविडच्या गैरसमजांवर झालेल्या अभ्यासात हाच परिणाम काही आठवड्यांत विरून गेलेला दिसला. ब्राझीलमध्ये झिकाच्या बाबतीत तर खोडण्याचा उपयोग झालाच नाही. उलट लोकांचा आजाराविषयीच्या खऱ्या गोष्टींवरचा भरवसाही थोडा डळमळला.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: खोडा, बेधडक खोडा, त्याने आकाश कोसळत नाही. पण ते औषधाच्या डोससारखं आहे, एकदा देऊन भागत नाही. आणि डोक्यातली समजूत बदलणं वेगळं, पोराची बाही वर सरकवून घेणं वेगळं.

हे दुसरं वाक्य मला आमच्या नाशिकनेच शिकवलं. जून २०२१ आठवून बघा. शहरातल्या सिडको भागातल्या एका ज्येष्ठ नागरिकांनी सांगितलं की दुसरा डोस घेतल्यापासून अंगाला चमचे, नाणी, ताटल्या चिकटतात. व्हिडिओ देशभर गेला. गंमत म्हणजे त्याच सुमारास, ८ जूनला, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधिमंडळासमोर एका डॉक्टरीणबाईंनी लस घेतलेल्यांच्या कपाळाला किल्ली चिकटते अशी साक्ष दिली. त्याच सुनावणीत एक परिचारिका स्वतःच्या मानेला किल्ली चिकटवून दाखवायला गेली आणि ती किल्ली काही टिकेना. ओहायो आणि सिडको यांच्यात दुसरं काय साम्य असेल ते असो, ही अफवा मात्र दोन्हीकडे एकाच आठवड्यात पिकली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक आजोबा आले, नातवाच्या खोकल्यासाठी. त्यांचा स्वतःचा पहिला डोस बाकी होता आणि ते म्हणाले, "आता मी काही लोहचुंबक व्हायचा नाही." मी एक रुपयाचं नाणं घेतलं. आमच्या मावशींना तेव्हा एकही डोस मिळालेला नव्हता; त्यांच्या कपाळावर नाणं दाबलं, चिकटलं. माझे दोन झाले होते, माझ्या कपाळावर चिकटलं. आजोबांच्याही चिकटलं. मग टेबलावरची बाळाची पावडर तिघांच्या कपाळाला फासली आणि तिघांचंही नाणं खाली. घाम आणि त्वचेचं तेल, बाकी काही नाही. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात ताटली पेलणारं चुंबक मावेल कुठून? अंनिसचे कार्यकर्ते तेव्हा गावभर हेच सांगत होते.

आजोबा खूप हसले. समजूत जागच्या जागी मेली, कारण आम्ही 'खोटं' म्हणून थांबलो नव्हतो, चिकटण्याचं खरं कारण त्यांच्या हातात दिलं होतं. नुसतं 'खोटं आहे' म्हटलं की मनात खड्डा राहतो, आणि खड्डा आपोआप जुन्याच मातीने भरतो. पण पुढचं ऐका. आजोबांनी त्या दिवशी लस घेतली नाही. त्या आठवड्यातही नाही. तीन आठवड्यांनी नात त्यांना स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर घेऊन गेली तेव्हा घेतली. पावडरने अफवा गेली, डोस नातीने दिला.

आता परदेशाकडे येऊ. लसीच्या अफवा जगभर ऐकल्या तर त्यांत नवं फार थोडं सापडतं. मूल होणार नाही, मूल मंद होईल, लस घेतलेला लवकर मरेल, कंपनीचा किंवा सरकारचा डाव आहे. एवढ्यात निम्म्याहून जास्त जग आटोपतं. फरक असतो तो त्या अफवेखालच्या जमिनीत. कुठे काय पेरलं गेलं होतं, हे बघितल्याशिवाय तण उपटता येत नाही, वरची पानं तेवढी हातात येतात.

२००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो आणि आसपासच्या राज्यांनी पोलिओचे डोस बंद केले. मुलींना वांझ करण्याचा डाव आहे, थेंबांत एचआयव्ही आहे, असं धर्मगुरू आणि राजकारणी उघड बोलत होते. बाहेरून बघणाऱ्यांनी अडाणीपणा म्हणून नाक मुरडलं. पण कानोच्या लोकांना १९९६ आठवत होतं. त्या वर्षी तिथे मेंदूज्वराची प्रचंड साथ असताना फायझर कंपनीने ट्रोव्हान या औषधाची २०० मुलांवर चाचणी घेतली होती. त्यांतली ११ दगावली. मृत्यू ट्रोव्हानच्या आणि तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या औषधाच्या, दोन्ही गटांत होते, आजारही जीवघेणाच होता. पण आम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, आमची संमती घेतलीच नव्हती, असं पालकांचं म्हणणं होतं. खटले वर्षानुवर्षं चालले आणि २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरचा समझोता केला. ज्या गावाने हे पाहिलंय त्याला 'गोऱ्या डॉक्टरांचं औषध सुरक्षित आहे' हे प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून पटवायचं?

अहवाल दाखवलेही, पण अहवालांवर पुन्हा अहवाल मागितले गेले. कोंडी फुटली ती कानोने इंडोनेशियाहून लस घ्यायचं मान्य केल्यावर, मुस्लिम देशात तयार झालेली म्हणून. बाटलीतले थेंब त्याच जातीचे. फक्त हात बदलला. तोवर २००४ उजाडलं होतं आणि तिथला विषाणू कितीतरी देशांत पोचला होता. पुढच्या वर्षी तर तो अगदी इंडोनेशियातसुद्धा पोचला. आफ्रिका खंड वन्य पोलिओमुक्त जाहीर व्हायला ऑगस्ट २०२० यावा लागला.

आपणही नाक मुरडू नये. पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी नसबंदी होते ही अफवा वर्षानुवर्षं चालली, आणि ती आकाशातून पडली नव्हती. १९७६ च्या एका वर्षात या देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कित्येक जबरदस्तीने. सरकारी माणूस घरी येतो आणि मूल होण्याशी संबंधित काहीतरी करून जातो, ही आठवण होती. तिथेही उपयोगी पडली ती गल्लीतलीच बाई. त्याच मोहल्ल्यातल्या, त्याच धर्माच्या बायका घरोघर गेल्या, मशिदींतून पुकारे झाले, अलीगढ आणि जामिया विद्यापीठांची माणसं उतरली. १३ जानेवारी २०११ ला हावड्यातली एक लहान मुलगी देशातली शेवटची वन्य पोलिओ रुग्ण ठरली. पाकिस्तानात मात्र त्याच वर्षी उलटं घडलं. बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने अबोटाबादमध्ये कावीळ-बीच्या लसीकरणाचं सोंग केलं. 'लसवाले हेर असतात' ही अफवा तोवर अफवा होती. त्यांनी ती खरी करून दाखवली. पाकिस्तानातला पोलिओ आजही गेलेला नाही. त्याला कारणं बरीच आहेत, पण हे एक त्यात नक्की आहे.

तुम्ही विचाराल, पेठमध्ये यातलं काय? असतं, मॅडमसारखं जाऊन विचारलं तर सापडत नाही, बसून ऐकलं तर सापडतं. माझ्या सुरगाण्याच्या दिवसांत एका पाड्याने सलग दोन सत्रं लसीला पोरं आणली नाहीत. मी भगताला दोष देत होते. आशा तेव्हा नव्हत्या. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की आदल्या वर्षी एका पोराच्या मांडीला इंजेक्शननंतर गळू झालं होतं, महिनाभर चिघळलं, आणि आमच्यापैकी कुणीही बघायला गेलं नव्हतं. भगत गेला होता. मग दोष कुणाचा?

म्हणून सामोआची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. जुलै २०१८ मध्ये पॅसिफिकमधल्या या दोन लाख वस्तीच्या देशात एमएमआर दिल्यावर दोन बाळं काही मिनिटांत गेली. लस निर्दोष होती. दोन परिचारिकांनी लसीची पावडर विरघळवताना डायल्युएंटच्या (लस विरघळवायच्या द्रावणाच्या) जागी स्नायू शिथिल करणारं, भूल देताना वापरतात ते औषध मिसळलं होतं. पण हे कळेपर्यंत लसीकरण थांबलं, ते महिनोन्‌महिने थांबलं, आणि लस विरोधकांना रान मोकळं मिळालं. गोवराच्या लसीचं प्रमाण निम्म्याच्याही कितीतरी खाली आलं. २०१९ च्या शेवटी गोवर शिरला आणि ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला, ज्यांच्या घरात लस न घेतलेलं माणूस आहे त्यांनी दारावर लाल कापड बांधायचं आणि पथकं दारोदार. लोकांनी बांधलंही. पण तोवर स्मशानं भरली होती.

यातून माझ्यापुरतं मी एक शिकले. डायल्युएंट त्याच कंपनीचा आहे का, थंड केलेला आहे का, बाटली कधी उघडली ती वेळ लिहिली का, चार तासांनी फेकली का, हे सगळं मी अफवा-निवारणाच्या तासाला शिकवते, शीतसाखळीच्या तासाला नाही. एक चुकलेली बाटली शंभर भाषणं धुऊन टाकते. आणि काही झालंच तर त्या घरी त्याच दिवशी जायचं. काय झालं ते आपल्याला अजून कळलं नसलं तरी जायचं.

खरा धोका लपवायचाही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकण्याच्या दुर्मीळ त्रासामुळे मागे घेतली गेली. कोविशिल्डमागच्या ॲस्ट्राझेनेकाच्या लसीने अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे २०२१ मध्येच युरोपात जाहीर झालं होतं, कित्येक देशांनी तरुणांना ती देणं थांबवलं होतं. आपल्याकडे ते फारसं बोललं गेलं नाही, आणि २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टातली कागदपत्रं बातमीत आल्यावर लोकांना वाटलं, बघा, लपवलं होतं. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. आपणच आधी सांगितलेला धोका माहिती म्हणून राहतो. तोच बातमीतून कळला की फसवणूक वाटतो.

जपान आणि डेन्मार्कचं चटकन सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीनंतर मुलींना झटके येतात, चालता येत नाही, असे व्हिडिओ जपानमध्ये टीव्हीवर आले. जून २०१३ मध्ये सरकारने लसीची शिफारस करणंच थांबवलं, आणि प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एक टक्क्याखाली गेलं. नागोया शहराने सुमारे ३० हजार मुलींची पाहणी केली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये त्या लक्षणांचा फरक दिसला नाही. तरी शिफारस परत सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. डेन्मार्कमध्येही २०१५ च्या एका टीव्ही माहितीपटानंतर तशीच घसरण झाली, पण तिथल्या सरकारने शिफारस मागे घेतली नाही. आरोग्य खातं, डॉक्टरांची संघटना आणि कॅन्सर सोसायटी यांनी २०१७ पासून एकत्र मोहीम काढली, फेसबुकवर आयांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, कर्करोग झालेल्या बायका स्वतः बोलल्या. प्रमाण पुन्हा चढलं. सरकार गप्प बसलं की लोक त्याचा अर्थ लावतात, आणि तो अर्थ आपल्या बाजूचा नसतो.

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही तिथे येते. लस न घेतलेल्या घरांपैकी पुष्कळांचा कसलाच गैरसमज नसतो. अली माओ मालिन हे नाव ऐकलंय? सोमालियातल्या मेर्का गावच्या दवाखान्यातला स्वयंपाकी. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला देवी आल्या आणि निसर्गतः देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस ठरला. दवाखान्यात काम करूनही त्याने लस का नव्हती घेतली? सुई दुखेल म्हणून! बस, एवढंच. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरून स्वतःची हीच गोष्ट सांगत राहिला. अशा माणसाला तुम्ही कोणती अफवा खोडून दाखवणार होतात?

राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर घेतलं, काही गावांत शिबिराला जोडून प्रत्येक डोसमागे किलोभर मसूर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होतं. नुसत्या नियमित शिबिराने १८ टक्के झालं, डाळीसकट ३९ टक्के. हा काही अफवा खोडण्याचा प्रयोग नव्हता. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला आणि आपल्या मालेगावात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा चॅनेलवर चर्चा फक्त धर्माची आणि अफवांची. अफवा होत्याच. पण बारा तासांच्या पाळीत लूमवर उभा असणारा बाप आणि घरी चार पोरं सांभाळणारी आई सकाळी दहा ते एकच्या सत्राला कधी येणार, हा प्रश्न मी एकाही चर्चेत ऐकला नाही.

आता तुमचे ते वडील. 'साफ खोटं आहे' हे वाक्य तुम्ही चारचौघांत म्हणालात का? ओट्यावर भाऊबंद बसलेले असताना बापाला खोटं पाडलं की तो लसीसाठी नाही, स्वतःच्या मानासाठी भांडतो. एकट्याला गाठा. व्हिडिओ पूर्ण बघा, त्याच्या शेजारी बसून, मध्ये न बोलता. मग विचारा, "यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकलं?" माझ्या अनुभवात इथे व्हिडिओ बाजूला पडतो. कुणाच्या बहिणीचं पोर अजून बोलत नाही, कुणाला पहिल्या डोसला ताप आला होता, असं काहीतरी बाहेर येतं. खरं उत्तर त्याला द्यायचं असतं.

ऑटिझमचं निघालंच तर थोडक्यात सांगा. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी बारा मुलांवरून हा संशय उठवला. पुढे त्यात माहिती फिरवल्याचं आणि वकिलांकडून पैसे घेतल्याचं उघड झालं, २०१० मध्ये मासिकाने लेख मागे घेतला आणि त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, २०१९ मध्ये निकाल आला, संबंध नाही. आणि खड्डा भरायला विसरू नका: मूल बोलत नाही, नजर देत नाही, हे आईबापाच्या लक्षात येतं ते दीड-दोन वर्षांचं असताना, आणि एमआरचा दुसरा डोसही सोळा ते चोवीस महिन्यांतच असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. हे वाक्य पेठमध्ये कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. वेकफिल्ड वगैरे नावं विसरली तरी चालतील, कावळा लक्षात ठेवा.

'परदेशी डॉक्टर' हा प्रकारही ओळखून असा. २०२१ मध्ये ल्यूक मॉन्तान्ये या नोबेल मिळालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर 'लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार' असा संदेश आपल्या पाड्यापाड्यांत पोचला होता. ते गृहस्थ कोविडच्या लसीवर टीका करत, हे खरं. पण हे वाक्य त्यांनी उच्चारलंच नव्हतं. दोन वर्षं २०२३ मध्ये संपली. त्या संदेशावर माझ्याशी भांडलेले एक काका अजून दर महिन्याला बीपी तपासायला येतात, मी विषय काढत नाही, तेही काढत नाहीत.

बोलायची सुरुवात कशी करावी यावर अमेरिकेत डॉक्टरांच्या संभाषणांचं चित्रीकरण करून २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. 'आज याला लस द्यायची आहे' अशी सुरुवात केली तर सुमारे चौथाई पालकांनी हरकत घेतली; 'लसीचं काय करायचं म्हणता?' असं विचारलं तर ८३ टक्क्यांनी. म्हणून दारात उभं राहून परवानगी मागू नका, काम सांगा. पण एकदा हरकत आली की मग रेटू नका. कॅनडात क्युबेकमध्ये प्रसूतीनंतर वॉर्डातच आईशी निवांत, तिलाच बोलतं करत गप्पा मारण्याची पद्धत आहे; त्याने बाळांचं लसीकरण सुमारे ७ टक्के वाढलं. ७ टक्के ऐकायला थोडं वाटतं. पण गोवराला रोखायला ९५ टक्के लागतात, आणि आपण बऱ्याच ठिकाणी त्या शेवटच्या थोडक्यासाठीच अडून बसलेलो आहोत. आपल्याकडे ही संधी आशाताईंना असते, बाळ घरी आल्यावरच्या भेटींत. त्या भेटी फॉर्म भरण्यात जातात, हे तुम्हीही जाणता.

तर आधी अकरा मुलांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा, अंदाजाने नाही, घरी जाऊन. हे दिवस द्राक्षांचे असतील तर तीन-चार घरं दिंडोरी-पिंपळगावच्या बागांत असतील. त्यांना भाषण नको, तिथल्या सत्राचा वार आणि तिथल्या सिस्टरचा नंबर हवा. एखाद्याचं कार्ड हरवलेलं असेल आणि ओरडा बसेल म्हणून आई येत नसेल. एखाद्याला तुमच्या आधीच्या कुणीतरी खेकसलेलं असेल. खरोखर 'नाही' म्हणणारी घरं माझ्या हिशेबाने दोन निघतील, फार तर तीन. तिथे तुम्ही एकटे जाऊ नका, ज्या घराने नुकताच डोस दिलाय आणि ज्याचं पोर अंगणात खेळतंय, त्या घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या. भगताशी बोलणं असेल तर त्यालाही सांगून ठेवा. तो विरोधात असतो असं आपणच धरून चालतो.

आणि तो डोस झाला की वडिलांना आधीच सांगा: आज रात्री ताप आला तर तो बहुधा सोबत दिलेल्या डीपीटी बूस्टरचा, मांडी किंवा दंड दुखेल, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे इतकं. एमआरचा ताप येतच असेल तर आठवड्या-दहा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही दिसतं. नेमकं तेव्हाच व्हिडिओ पुन्हा आठवतो. म्हणून नवव्या दिवशी संध्याकाळी, ते रानातून परतल्यावर, त्यांना फोन करा.